एकशेवीस तासांचा हिशेब

गेल्या थंडीतली गोष्ट. दुपारची जेवणं आटोपून मी बचत गटाचं रजिस्टर घेऊन बसले होते. तेवढ्यात खालापूर तालुक्यातल्या आमच्या एका गटातली बाई दारात उभी राहिली. बरोबर तिची मुलगी. पोरीचं तोंड उतरलेलं. बसायला सांगितलं, पाणी दिलं, तरी दोघी विषयाला हात घालायला तयार नाहीत. शेवटी आईनेच पिशवीतून एक कागद काढला.

"ताई, तुमच्या संस्थेचा शिक्का आहे ना? यावर मारून द्या. हिने एकशेवीस तास तुमच्याकडे काम केलं असं लिहा. पोरीचं वर्ष तरी वाचेल."

कागद कॉलेजचा होता. मुलगी पनवेलच्या बाजूला कॉम्प्युटरच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आता पदवीच्या मुलांना 'ऑन जॉब ट्रेनिंग' करावं लागतं. म्हणजे एखाद्या कंपनीत, दुकानात, कार्यालयात जाऊन प्रत्यक्ष काम शिकायचं. त्याला चार श्रेयांक आणि एका श्रेयांकाला तीस तास. चार त्रिक बारा, म्हणजे एकशेवीस तास. ते झाले नाहीत तर पदवी अडते.

"पण हिला जागाच मिळाली नाही का कुठे?" मी विचारलं.

आता मुलगी बोलली. "मिळालीय, मावशी. अंधेरीला. गेम बनवणाऱ्या स्टुडिओत. मीच मेल करून मिळवली."

आणि इथेच घोडं अडलं होतं. वडील म्हणाले होते, "गेम खेळायला कुणी ट्रेनिंग घेतं का? आणि पगार नाही तो नाही, वर आपलेच पैसे घालायचे!" आजीने पेपरात वाचलं होतं की गेमपायी मुलं कर्जबाजारी होतात. आईला दिसत होती ती रात्रीची लोकल. तिघांनी तीन कारणांनी नकार दिला होता, आणि म्हणून खोट्या शिक्क्यासाठी माझ्याकडे येणं झालं होतं.

खोटं कशाला बोलू, क्षणभर माझाही हात ड्रॉवरकडे गेला. एक शिक्का तर मारायचा. पण मग वाटलं, आधी या तिन्ही नकारांचा नीट हिशेब मांडू या. तोच हिशेब आज तुमच्यापुढे मांडते आहे, मैत्रिणींनो, कारण उद्या तुमच्या घरातही हाच कागद येणार आहे.

पहिला नकार आजीचा. आपल्याकडे 'गेम' या एका शब्दात दोन अगदी वेगळ्या गोष्टी कोंबल्या गेल्यात. एक म्हणजे पैसे लावून खेळायचे पत्ते, रमी, टीम लावणं. तो जुगाराचाच मोबाइलमधला भाऊ. संसदेने २१ ऑगस्ट २०२५ रोजी ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला, दुसऱ्याच दिवशी राष्ट्रपतींची सही झाली, आणि पैसे लावायच्या अशा खेळांवर देशभर बंदी आली. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. पण त्याच कायद्याने दुसऱ्या प्रकारचे, म्हणजे पैसे न लावता करमणुकीसाठी किंवा शिकण्यासाठी असलेले खेळ आणि स्पर्धेचे ई-स्पोर्ट्स यांना वेगळं काढलं, त्यांना प्रोत्साहन देण्याची भाषा केली. ही मुलगी जाणार होती ती या दुसऱ्या प्रकारच्या ठिकाणी. म्हणून स्टुडिओ कुठला हे विचारण्याआधी "तुम्ही बनवता त्या खेळात पैसे लावतात का?" हा प्रश्न प्रत्येक आईने विचारावा. एवढ्या एका प्रश्नाने अर्धी भीती निघते, किंवा खरी ठरते.

दुसरा नकार वडिलांचा. गेम स्टुडिओत करतात तरी काय? मला पण कुठे माहीत होतं! मुलीनेच समजावलं. सिनेमासारखंच असतं ते. कुणी गोष्ट लिहितो, कुणी चित्रं काढतो, कुणी त्या चित्रांना हलायला लावतो, कुणी आवाज आणि संगीत देतो, आणि प्रोग्रामर हे सगळं जोडून चालतं करतो. नवशिक्या मुलीला बहुतेक वेळा तपासणीचं काम देतात. त्याला टेस्टिंग म्हणतात. बाहेरून वाटतं, दिवसभर बसून खेळायचं. प्रत्यक्षात एकच पायरी चाळीस-पन्नास वेळा करायची. भिंतीवर आपटून बघायचं, उलटं चालून बघायचं, मधेच फोन आला तर खेळ बंद पडतो का ते बघायचं. आणि चूक सापडली की नुसतं "बिघडलंय" म्हणून चालत नाही. कुठे, काय केल्यावर, कितीदा आणि कोणत्या फोनवर, असं सगळं ओळीने लिहायचं, म्हणजे दुसऱ्याला तीच चूक पुन्हा करून बघता आली पाहिजे.

मी तिच्या आईला म्हटलं, "अगं, हे तर तांदूळ निवडणं झालं!" कर्जत-खालापूर भाताचा मुलूख. सुपात तांदूळ घेऊन खडा हेरायची नजर आपल्याकडे पिढीजात. पण त्याला कष्ट म्हणायचं सोडून आपण 'बसल्याबसल्या करायचं काम' म्हणतो. तेच इथेही.

हा धंदा काही काल उगवलेला नाही. मुंबईत 'इंडियागेम्स' ही कंपनी १९९९ मध्ये सुरू झाली. पुण्यात 'गेमलॉफ्ट'चा स्टुडिओ होता, तो २००८ मध्ये फ्रान्सच्या 'युबिसॉफ्ट'ने घेतला. त्याच कंपनीने २०१८ मध्ये मुंबईतही स्टुडिओ काढला. पुण्याच्याच 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या चमूने २०२० मध्ये 'राजी' नावाचा खेळ काढला. राक्षसांनी पळवलेल्या आपल्या लहान भावाला शोधत निघालेली एक मुलगी ही त्याची नायिका. चित्रकलेची बाजू सांभाळणारी श्रुती घोष या चमूच्या संस्थापकांपैकी एक. आपल्या देवळांची, कळसूत्री बाहुल्यांच्या सावल्यांची आठवण करून देणारा हा खेळ त्या वर्षी जगातल्या मोठ्या गेम पुरस्कारांत पदार्पणाच्या नामांकनापर्यंत पोचला.

मला आणखी आवडलं ते 'वेंबा'चं उदाहरण. कॅनडात बनलेला हा खेळ २०२३ मध्ये आला. त्यात परदेशी गेलेली एक तमिळ आई आहे, आणि तिच्या आईची फाटकी पाककृतींची वही. खेळणाऱ्याने पुसलेल्या ओळी जुळवत इडली, बिर्याणी करायची, आणि करता करता आईची अन् मुलाची गोष्ट उलगडत जाते. या खेळाला २०२४ मध्ये ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. म्हणजे बघा, ज्या वह्या आपण माळ्यावर टाकल्यात, त्यात जगाने बक्षीस द्यावं असं काही आहे. आपल्या पोपटीची, तांदळाच्या भाकरीची गोष्ट कुणीतरी अशी सांगायला हवी, आणि ती सांगणारी मुलगी आपल्याच गावातून जायला हवी ना?

सरकारचंही या क्षेत्राकडे लक्ष गेलंय. मुंबईत पेडर रोडला १८ जुलै २०२५ रोजी भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्थेचं, म्हणजे आयआयसीटीचं, उद्घाटन झालं. तिथे ॲनिमेशन आणि गेमिंगचं शिक्षण देतात. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ॲनिमेशन-गेमिंगचं स्वतंत्र धोरण मंजूर केलं. आराखडा ३,२६८ कोटींचा, आणि उद्दिष्ट सुमारे दोन लाख रोजगारांचं. २०२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात देशातल्या १५,००० माध्यमिक शाळा आणि ५०० महाविद्यालयांत अशा प्रयोगशाळा काढायची घोषणा झाली.

आकडे मोठे आहेत. पण आकड्यांनी हुरळून जायचं वय आता माझं राहिलेलं नाही, आणि आपल्या तालुक्यांनी तर हे आधी पाहिलंय. चौकजवळ २००५ साली एन. डी. स्टुडिओ उभा राहिला. 'जोधा अकबर'चे महाल इथे उभे राहिले. आसपासच्या गावांत सुतारकाम, रंगकाम, जेवणखाण असं काम आलं. ऑगस्ट २०२३ मध्ये नितीन देसाई गेले आणि स्टुडिओवर अवलंबून असलेल्या घरांना घोर लागला. पुढे त्याचा कारभार सरकारच्या चित्रनगरी महामंडळाकडे आला. करमणुकीचा धंदा असाच, आज दिवाळी तर उद्या शिमगा. गेमच्या धंद्यातही २०२३ आणि २०२४ या दोन वर्षांत जगभर हजारो माणसांच्या नोकऱ्या गेल्या. एकट्या मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२४ मध्ये आपल्या गेम विभागातून १,९०० जण कमी केले. शिवाय आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे, आणि नवशिक्यांना देतात तीच साधी कामं ती आधी गिळते. म्हणून वडिलांची शंका मी उडवून लावली नाही. फक्त एवढंच म्हटलं, "भाऊ, नोकरी मिळेलच असं मी सांगत नाही. पण धंदा आतून कसा असतो हे वीस दिवसांत कळेल. पाण्यात उतरल्याशिवाय पोहणं येत नाही."

आता तिसरा नकार, आईचा. तो सगळ्यात खरा. दिवसाला सहा तास धरले तर एकशेवीस तासांना वीस दिवस लागतात. घरापासून विक्रमने खोपोली स्टेशन, तिथून कर्जत, कर्जतहून दादर, दादरला पूल चढून-उतरून पश्चिम रेल्वे, मग अंधेरी आणि पुढे पायी. जायला कमीत कमी तीन तास, यायला तीन. रोजचे सहा. वीस दिवसांचे किती? एकशेवीस!

आम्ही तिघी त्या आकड्याकडे बघतच राहिलो. एकशेवीस तासांच्या कामाला एकशेवीस तासांचा प्रवास! पार्ल्याच्या मुलीला चार श्रेयांकांना जेवढं पडतं त्याच्या दुप्पट आमच्या पोरीला पडतं, आणि गुणपत्रिकेवर दोघींचे श्रेयांक चारच. यात खोपोलीची लोकल चुकली तर पुढच्या गाडीपर्यंत फलाटावर बसायचं, ते वेगळंच.

खर्चाचंही तसंच. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण लोकलला ते नाही. रेल्वेचा विद्यार्थी सवलतीचा पास मिळतो तो घर ते कॉलेज. ट्रेनिंगची जागा भलत्याच दिशेला. जुलै २०२४ मध्ये सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ठरावीक प्रवर्गांच्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शुल्क माफ केलं, फार चांगलं झालं. पण शुल्क माफ झालं तरी वाट माफ होत नाही.

मग मी योजना चाळल्या. पंतप्रधान इंटर्नशिप योजना ३ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली. सुरुवातीला महिना ५,००० रुपये. पण सुरुवातीच्या नियमांतच लिहिलं होतं, पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी नाही. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही २०२४ चीच. बारावी झालेल्याला ६,०००, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये महिना. पण तीही शिक्षण संपलेल्यांसाठी. आता गंमत बघा. ज्यांना प्रशिक्षणाची सक्ती नाही त्यांच्यासाठी विद्यावेतन आहे, आणि ज्यांच्यावर ते सक्तीचं केलं त्या शिकणाऱ्या मुलीसाठी दमडी नाही. ट्रेनिंग देणाऱ्या जागेने द्यावं तर छोटी जागा म्हणते, "आम्ही शिकवतोय, वर पैसे कसले?"

याचा परिणाम काय होतो ते मी गावोगाव बघते आहे. काकाच्या झेरॉक्सच्या दुकानाचा शिक्का, मामाच्या मोबाइल दुरुस्तीच्या टपरीचा शिक्का. कुणीही कुठेही जात नाही आणि प्रमाणपत्रं मात्र फाइलला लागतात. आमच्या ओळखीतल्या एका मुलीला तर फोनवर संदेश आला, "घरबसल्या इंटर्नशिप, फक्त नोंदणी शुल्क भरा." हिने चार हजार भरले, आठ दिवसांत रंगीत प्रमाणपत्र आलं. त्यावरचा फोन नंतर कुणी उचललाच नाही. मैत्रिणींनो, एक गाठ मारून ठेवा. काम शिकवण्याआधीच जो पैसे मागतो, तो काम देणारा नव्हे, प्रमाणपत्र विकणारा.

आणि म्हणूनच मी शिक्का मारला नाही. आईला वाईट वाटलं. "तुम्ही पण ताई नियमच सांगणार," असं म्हणाली ती. तिचा हात धरून म्हटलं, "नियम नाही गं. माझ्या शिक्क्याने वर्ष वाचेल, पण ही जिथे होती तिथेच राहील. त्यापेक्षा फोन लाव त्यांना."

तिथल्या तिथे फोन लावला. बोलली मुलगीच, आम्ही दोघी बाजूला. काय विचारायचं ते आधी कागदावर लिहून घेतलं होतं. वेळ काय? काम कुणाच्या हाताखाली? दुसरी बाई आहे का? गाडीभाडं द्याल का? तक्रार झाली तर कुणाकडे जायचं?

हा शेवटचा प्रश्न विचारताना पोरगी लाजली. मी खुणेने म्हटलं, विचार. २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा फक्त पगारी बायकांसाठी नाही. शिकाऊ, प्रशिक्षणार्थी मुलगीही त्यात येते, पगार असो वा नसो. दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती हवीच. कमी असतील तर त्या जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार तीन महिन्यांच्या आत, लेखी. गेमच्या धंद्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. २०२० मध्ये 'युबिसॉफ्ट'च्या फ्रान्समधल्या बड्या अधिकाऱ्यांवर छळाचे आरोप झाले, आणि जुलै २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने कंपनीच्या तीन माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवून स्थगित कैदेच्या शिक्षा सुनावल्या. तिथल्या बायका बोलल्या म्हणून हे झालं.

स्टुडिओ आठच माणसांचा निघाला. त्यात दोन मुली. मालकाने सरळ सांगितलं, समिती नाही, विद्यावेतन देणं जमणार नाही. पण गाडीभाडं देऊ, आणि पाच वाजता सोडू. हे कबूल करायला त्याला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. विचारलं म्हणून मिळालं. आपण मुलींना सगळं शिकवतो, विचारायला तेवढं शिकवत नाही.

गेली पोरगी. वीस दिवस सकाळी अंधारात उठून डबा घेऊन निघायची, रात्री साडेआठला परत. आई रोज तिला घ्यायला स्टेशनवर. काय बनवताय म्हणून विचारलं तर सांगायची नाही, गुप्ततेच्या करारावर सही केलेली. आई हसून म्हणाली, "आयुष्यभर मी सासूपासून गुपितं राखली, आता ही माझ्यापासून राखते!" एवढंच कळलं की दहाव्या दिवशी तिने धरलेली एक चूक बाकी कुणाला सापडली नव्हती, आणि त्या दिवशी गाडीत उभं राहूनसुद्धा पाय दुखले नाहीत.

नोकरी मिळाली का? नाही. खरं प्रमाणपत्र मिळालं, आणि काय येत नाही ते कळलं. आता ती 'ब्लेंडर' शिकते आहे. हे चित्रांना हलवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ऑस्कर मिळवणारा 'फ्लो' हा मांजरीचा सिनेमा त्याच्यावरच बनला, हे तिनेच मला सांगितलं. मशीन मात्र जुनंच आहे, मधेच बंद पडतं. वडील अजून म्हणतात, "बघू." पण पूर्वी 'नाही' म्हणायचे, त्याचं 'बघू' झालं, हेही नसे थोडके.

तरी माझा हिशेब पुरा होत नाही. एकीला मी फोन लावून दिला. बाकीच्यांचं काय? मुलांवर ट्रेनिंगची सक्ती करायची तर निदान गाडीभाडं कुणीतरी सोसलं पाहिजे. रेल्वेने सवलतीचा पास ट्रेनिंगच्या जागेपर्यंत दिला पाहिजे. आणि त्या ५०० महाविद्यालयांच्या यादीत कर्जत-खालापूरसारख्या ठिकाणचं एखादं तरी असलं पाहिजे, म्हणजे पोरींना निम्मं आयुष्य फलाटावर काढावं लागणार नाही. येत्या महिला ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. तुमच्याकडे कॉलेजची पालकसभा असेल तर तिथे तुम्ही मांडा.

आणि हो, त्या आईचा रोज रात्री स्टेशनवर जो तास गेला, तो कुणी कोणत्या श्रेयांकात धरायचा? वीस दिवसांचे वीस तास. ते कॉलेजच्या कागदावर कुठेच नाहीत. मी आपले माझ्या रजिस्टरच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलेत.